बहिरा ताप

३ ऑक्टोबर १९५७
संगमेश्वराहून एसटीने आले. मुंबई केंद्राच्या ताब्यात गेल्यापासून शीवच्या नाक्यावर परवाना दाखवावा लागतो. शिपायाने माझा उलटसुलट पाहिला आणि नर्सबाई आहे म्हटल्यावर हसून सोडलं. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. शेजारच्या आनंदीबाई मालवणकडच्या. मी काही म्हणायच्या आत त्यांनी माझी वळकटी उचलून आत नेली. त्यांचे तिन्ही मुलगे गिरणीत आहेत. उद्यापासून दवाखान्यात रुजू व्हायचं. फार बरं वाटतंय.

९ ऑक्टोबर
एकटीने जेवायची सवय होत नाही. घरी आम्ही नऊ जण पंगतीला असायचो. इथे पोळी चावल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटतो.
आनंदीबाईंचा थोरला रामदास सकाळी भोंगा होऊन गेला तरी झोपलेला. आईने हलवून उठवलं तर म्हणाला, भोंगा झालाच नाही. कपाळ तापलेलं होतं. दवाखान्यात असेच आणखी सात जण आले. कानांत दोष काही दिसत नाही. डॉ. रेग्यांनी नोंदवहीत रोगाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं.

१४ ऑक्टोबर
सात जणांचे दोनशे झाले. लोक याला बहिरा ताप म्हणतात. आधी कान जातात, मग ताप चढतो, चौथ्या-पाचव्या दिवशी माणसाला गाढ झोप लागते आणि तो उठत नाही. रामदास काल गेला. धाकटे दोघेही आता हाकेला ओ देत नाहीत.
शिवल्याने पसरतो, असं सगळे धरून चाललेत. मी दिवसभर रोग्यांना शिवते, म्हणून जिन्यात बायका नाकाला पदर लावून भिंतीला चिकटतात. चार दिवसांत आनंदीबाईंशिवाय कुणी माझ्याशी बोललेलं नाही.

१७ ऑक्टोबर
आनंदीबाई तिघांच्याही उशाशी बसल्या, त्यांच्याच पेल्यातून पाणी प्यायल्या, आणि धडधाकट आहेत. काय खाता, म्हणून विचारलं. म्हणाल्या, "चपाती माका पचना नाय गो. मी आपली पेजच खातंय."
नोंदवही घेऊन घरं पालथी घातली. आजारी घरांत रेशनचा एकाच खेपेचा गहू आहे. नुसत्या भातावरची घरं शाबूत. तळमजल्यावरचा दगडू शिवडीला हमाल आहे. तो म्हणाला, गोदामात पोती भिजली होती, ती वाळवून दुकानांवर धाडली. दाणे हातात घेऊन बघितले. खाचेत काळी बुरशी होती.
मीही त्याच गव्हाच्या पोळ्या खातेय. आज पिठाचा डबा ओतून टाकला.

१९ ऑक्टोबर
डॉक्टरांनी दार लावून सगळं ऐकलं, केंद्राने नेमलेल्या प्रशासकांच्या कचेरीला फोन केला. उत्तर आलं: गव्हाचं नाव काढायचं नाही, धान्य बंद झालं तर लोक पुन्हा रस्त्यावर उतरतील. शिवल्याने होतो, हेच सांगायचं. नाके बंद केलेत. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीनाक्षी, तुम्ही नवीन आहात."

२० ऑक्टोबर
दारोदार सांगत फिरले. दारं उघडत नाहीत. उघडतात त्यांना ऐकू येत नाही. दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहिलं, दुकानदाराने पुसलं. पुन्हा लिहिलं. बऱ्याच जणांना वाचता येत नाही.

२१ ऑक्टोबर
आनंदीबाई दारात उभ्या. ओठ हलत होते. मला वाटलं, पुटपुटतायत —
त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या समजल्या. मला पोटाशी धरून बसल्या. कालच त्यांचे धाकटे दोघे —
कपाळावर त्यांचा हात होता. कितीतरी दिवसांनी कुणी —

२४ ऑक्टोबर
ताप. पेन्सिल धरवत नाही. रेशनच्या रांगेपुढे उभी राहिले. गहू टाका म्हणून घसा फाटेस्तोवर ओरडले. एकही मान वळली नाही. सगळेच बहिरे, की माझा आवाजच —

२५ ऑक्टोबर
रांग अजून आहे. खिडकीतून दिसतेय. जाऊन पोतीच उलटी करते. लगेच निघते. आधी भिंतीला टेकून जरा डोळे —