या घरात प्रार्थना मराठीत होईल

११ जाने., रविवार

उपासनेहून आलो, जेवणं झाली. ओटा पुसून सूनबाई एस्तेर कोठीच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. प्रमोदने लगेच टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणजे चिरंजिवांना सगळं माहीत आहे. पाचेक मिनिटांत सुरू. आधी मराठीत, प्रभू, प्रभू. मग ते.

शब्द नव्हेत ते. डाळीच्या पातेल्यावर झाकण थडथडतं तसं, दम न घेता. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य गेलं माझं. तापात बरळणारे पेशंट खूप पाहिले. त्यांना आपण इंजेक्शन देतो, त्याला दान म्हणत नाही.

लातूरला बी.एड. करताना ती कुठल्याशा प्रार्थनागटात जायची, एवढं लग्नाच्या बोलणीत कळलं होतं. "पोरगी प्रार्थनेची आहे," तिचे वडील म्हणाले. मला वाटलं, बरंच झालं. अन्य भाषेत, म्हणजे आत्म्याने भरून कुणालाच न कळणाऱ्या बोलीत, प्रार्थना करते हे कोणी तोंडातून काढलं नाही. आमच्या प्रमोदच्या चष्म्याचा नंबर मात्र दोनदा विचारला होता.

१३ जाने., मंगळ.

शाळेतून आली, जेवली, पुन्हा कोठी. आज दाराशीच उभी राहिले. बाहेर आली तेव्हा चेहरा न्हाऊन आल्यासारखा. त्याचाच राग आला मला जास्त.

"काय बोलत होतीस आत?"

"प्रार्थना, आई."

"कुठल्या भाषेत?"

"मला माहीत नाही."

"मग देवाकडे काय मागितलंस ते तुला तरी कळलं का?"

"नाही. मला शब्द सापडत नाहीत तेव्हाच ते येतं. नंतर हलकं वाटतं."

हलकं वाटायला ओवा खावा. बोलले नाही, पण ओठावर आलं होतं.

प्र. विष्णुपुरीहून, कॉलेजातल्या नोकरीवरून, सातला आला. त्याला सांगितलं. "दार लावून करती ना आई? कुणाला दाखवून न्हाई राहिली. तू उगं डोक्याला ताप करून घेऊ नको." बायकोचा झाला पोरगा. आठ महिन्यांत.

१४ जाने., बुध. संक्रांत

शेजारच्या कुसुमताईंनी भिंतीवरून तिळगुळाची वाटी दिली. आम्ही ख्रिस्ती म्हणून हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, पण वाटी कधी चुकवली नाही बाईने. वाटी देता देता: "सिस्टरबाई, सून दुपारची कुणाशी बोलत असती ओ?"

"फोनवर. माहेरी."

"लई वेळ बोलती."

"लातूरच्या माणसांना बोलायला लागतंच."

हसल्या. मी पण. आत येऊन तिळगुळाची वाटी तशीच झाकून ठेवली. या वयात शेजारणीपुढे थापा मारायला लावते ही पोरगी.

१६ जाने., शुक्र.

आज लिहूनच टाकते. हे गेले त्याआधी काही आठवडे यांची वाचा गेली होती. नुसते आवाज. पलंगाशी बसून मी हो हो म्हणायची, समजल्यासारखी मान हलवायची. काय सांगत होते, पाणी हवं होतं की प्रमोदबद्दल काही, की माझ्याशीच काही बोलायचं होतं, आजपर्यंत कळलं नाही. नर्स असून कळलं नाही. आणि ही धडधाकट पोरगी, देवाने शाबूत जीभ दिलेली, मराठीत बी.एड. केलेली, मुद्दाम कोठीत जाऊन तसले आवाज काढते आणि त्याला आशीर्वाद म्हणते. मला ते सहन होत नाही. 

१८ जाने., रवि.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी बाजूला घेतलं. महिला मंडळाची चिटणीस मी, त्यामुळे ते जपून बोलत होते. "ऐकतोय काहीतरी. आपल्या मंडळीत ही पद्धत नाही, बाई. आज कोठीत, उद्या वेदीपुढे." मान खाली घालून घरी आले. माझ्या सासऱ्यांनी या मंडळीच्या चर्चच्या भिंतींना चुना लावलाय स्वतःच्या हाताने. माझी मान कधी खाली गेली नव्हती तिथे.

जेवताना दोघांसमोर स्पष्ट सांगितलं. "या घरात प्रार्थना मराठीत होईल. ज्याला दुसरं काही करायचं त्याने घराबाहेर."

प्र. भाकरी टाकून उठला. ए.ने त्याचं ताट झाकून ठेवलं, बाकीची भांडी उचलली. ही जी न बोलायची सवय आहे तिची, ती भांडणापेक्षा वाईट.

२० जाने., मंगळ.

काल, आज, दुपार शांत. कोठीचं दार उघडं. छान झोप लागली. एकदा खडसावलं की कामं होतात. उगाच इतके दिवस सोसलं.

२१ जाने., बुध.

गच्चीवर जाते. घराबाहेर म्हटलं होतं ना मी. शब्दाला पक्की.

पायऱ्या चढून गेले, गुडघे बोलायला लागले. टाकीच्या पलीकडे, पदर डोक्यावर, भिंतीकडे तोंड. हळू आवाजात चाललं होतं, पण चाललं होतं. आणि कु.ताईंची गच्ची आमच्या गच्चीला लागून. मध्ये गुडघाभर भिंत. पलीकडे त्या बाई हातात वाळवणाची चादर धरून उभ्या, हलेनात. मला पाहून त्यांनी हात जोडले. मला नाही. तिला.

आल्या पावली खाली उतरले. कोठी काय वाईट होती.

२२ जाने., गुरु.



चारच्या सुमारास कु.ताई फाटकातून आल्या. नेसलेली साडी नवी, हातात ताट. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. मी म्हटलं, ताई हे काय. त्या माझ्यावरच रागावल्या.

"लपवून कशाला ठेवलं सिस्टरबाई? फोनवर बोलती म्हणालात. अंगात येतं म्हणून सांगायचं की सरळ. माझ्या मावशीच्या अंगात अशीच यायची माहूरची आई. हेच बोलणं. मी काल ऐकलं अन् वळखलं."

तेवढ्यात ए. बाहेर आली. कु.ताईंनी ताट दारापुढच्या ओट्यावर ठेवलं आणि वाकून तिचे पायच धरले. माझ्याहून मोठी बाई, जन्मभर शाळेत शिकवत आलेली. ए. मागे सरली. "काकू, असं नका करू. मी कुणी नाही." पण त्या उठेनात. "एवढंच इचारते आई. माझा नितीन कुठं हाय. दिवाळीला बापाशी भांडून गेला, पुण्याला म्हणला, फोन न्हाई काही न्हाई. जित्ता हाय का एवढं सांग."

रस्त्यावरून माणसं जात होती. भाजीवाला गाडा थांबवून बघत होता. आमच्या फाटकात, क्रूस लावलेल्या दारापुढे, माझ्या सुनेची देवी म्हणून पूजा चाललेली. आणि मी मोठ्याने बोलले. अगदी मोठ्याने.

"कुसुमताई, उठा. ते देवीचं नाही. ते पवित्र आत्म्याचं आहे. आमच्या देवाने दिलेलं दान आहे ते."

बोलले आणि माझा आवाज मलाच ऐकू आला. ए. माझ्याकडे बघत राहिली. भाजीवाला गेला.

कु.ताई उठल्या, डोळे पुसले. "मग तुमच्या देवाला इचारा. कुणाला का असंना."

ए. म्हणाली, "काकू, मला उत्तर सांगता येत नाही. कुणाच्याच बाबतीत नाही. पण मी मागू शकते." आणि त्यांचा हात धरून तिथेच फाटकात प्रार्थना केली. मराठीत. नितीनचं नाव घेऊन, साधी, शाळेतल्या मुलीसारखी. कु.ताईंनी ताट परत नेलं. नारळ मात्र ठेवून गेल्या, म्हणाल्या चटणी करा.

मला खरं म्हणजे असं म्हणायचं होतं की ताई, पोरीच्या डोक्यात खूळ आहे, मनावर घेऊ नका. तेही चाललं असतं. ते तोंडात आलंच नाही.

२३ जाने., शुक्र.

सकाळी न मागता चहा. साखर बरोबर. शेजारी येऊन बसली. "आई, काल तुम्ही बोललात ना..." डोळे भरलेले.

मी म्हटलं, "त्या बाईला वाटेला लावायचं होतं म्हणून बोलले. तू त्याचा अर्थ काढू नकोस."

तिने पदराने डोळे टिपले. मग: "म्हणजे देवाचं नाव घेऊन खोटं बोललात?"

"सासूशी असं बोलतात का?"

"मी विचारते आहे, आई."

मी चहा तसाच मोरीत ओतला. तिच्यासमोर. संध्याकाळच्या एस.टी.ने लातूरला गेली. सव्वीस जानेवारी धरून सुट्टी आहे, असं प्र.ने मला सांगितलं, तिने नाही. जाताना पाया पडली. तेही मला बोचलं.

२५ जाने., रवि.

उपासनेत पापांगीकाराला, पापं कबूल करायच्या प्रार्थनेला, सगळ्यांबरोबर उभी राहिले. पाठ आहे, झोपेत म्हणेन. आज मधेच थांबले, बाकीचे पुढे गेले, मला कुठे मिसळावं कळेना.

पाळकसाहेब दाराशी. कु.ताईंनी हळदीकुंकवात सगळ्या गल्लीला सांगितलंय, सिस्टरबाईच्या सुनेला त्यांच्या देवाचं दान आहे, खुद्द सिस्टरबाई म्हणाल्या. ते इथवर पोचलं. "तुमच्या बोलण्याचा गैरसमज झाला असेल, बाई. तसं मंडळात एकदा सांगून टाका." सोपा रस्ता काढून दिला त्यांनी. भला माणूस. मी म्हटलं, बघते.

दुपारी कु.ताई भिंतीशी. नितीनचा फोन आला का, मीच विचारलं. "न्हाई ओ. पर तिनं त्याचं नाव घेतलं ना. आमच्या घरात कुणी घेत न्हाई आता, यांचा धाक. सून कवा येणार?"

म्हटलं, येईल.

२७ जाने., मंगळ.

आली नाही. शाळेत रजेचा अर्ज गेला. प्र. जेवताना ताटाकडे बघून म्हणाला, "आम्ही विष्णुपुरीला खोली बघून राहिलो, आई. कॉलेज जवळ पडतं."

कॉलेज काय काल बांधलं? इतकी वर्षं इथूनच जातोस ना.

तर हे असं. कोठीत कुणी बरळणार नाही, गच्चीत नाही, कुठेच नाही. तीन खोल्या आणि मी. मला भीती वाटते, हे लिहायला लाज कसली.

२९ जाने., गुरु.

मीच फोन केला. आधी तिच्या आईची विचारपूस, लातूरचं पाणी, थंडी. मग म्हटलं, झालं गेलं सोड, ये आता, कोठीत काय करायचं ते कर. मी काही बोलणार नाही.

मला वाटलं होतं रडेल.

"आई, मला कोठी नको. कोठी काय, मी बसमध्येही करते, ओठ न हलवता. तुम्ही फक्त एवढं सांगा. फाटकात बोललात ते खरं होतं की खोटं? खरं असेल तर उद्या येते. खोटं असेल तरी मी रागावणार नाही, सणावाराला येईन. पण मग आम्ही विष्णुपुरीलाच राहतो. तुम्ही आत एक धरून बाहेर एक म्हणता, त्या घरात मला प्रार्थना येत नाही. कुठल्याच भाषेत."

म्हटलं, दूध उतू चाललंय. फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

३१ जाने., शनि.

काल दुपारी कोठीत जाऊन बसले. कडी लावली. तांदळाच्या डब्याला टेकून. माझ्या सगळ्या प्रार्थना म्हटल्या, सकाळची, आजाऱ्यांसाठीची, प्रवासाला निघणाऱ्यांसाठीची. पंधरा मिनिटांत संपल्या. मग नुसती बसून राहिले. काही आलं नाही. मला यायला नकोच होतं. पण उठवेना, ते का, हे मला मराठीत सांगता येणार नाही.

ते मला आवडत नाही. आजही नाही. कुणी समोर करायला लागलं तर उठून जाईन. पाळकसाहेबांना हवं ते मंडळात सांगायला एक वाक्य पुरे, गैरसमज झाला. ते वाक्य सकाळपासून म्हणून बघते आहे. "खोटं होतं" असं तिला म्हणायचं, तेही म्हणून बघितलं. ते खोटं वाटतं. खरं होतं म्हणावं तर इतके दिवस मी कोणाशी भांडत होते?

प्र. तयार होऊन आला. लातूरची गाडी गाठायची आहे. तिच्या कपड्यांची बॅग त्याने भरून दाराशी ठेवली आहे, शाळेची पुस्तकं वेगळ्या पिशवीत.

"आई, बॅग घेऊन जाऊ का तिला घेऊन येऊ, एवढं सांग फक्त. मधलं काही सांगू नको."

म्हटलं, एवढं लिहून होऊ दे. दारातच उभा आहे. घड्याळ बघतोय, पण थांबलाय.