डावीकडच्याने चालवायचा प्राणी

रविवार, ३ मे

बस्स! आता नियम करायलाच हवेत. आज मास्तरांच्या ऑक्टोपसने एका फेरीत किल्ल्याचं दार उघडलं, दोन पहारेकऱ्यांचे गळे आवळले आणि वर खजिन्याची पेटीही पळवली. ऑक्टोपस! बादलीतला! मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण गणित काही सुटलं नाही – हात आठ म्हणून फासाही आठ वेळा टाकणार म्हणे. ते बघून वहिनीलाही चेव आला. तिला मधमाश्यांचं पोळं हवंय. धाकटीने तरस पाळलंय – म्हातारं, एका कानाचं. दादाला प्राणी नको. 'मला नको,' एवढंच म्हणाला, आणि धाकटीने मान फिरवली.

सहा वर्षं दर रविवारी दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलावर हा खेळ चालतो. राक्षस, भुयारं, तलवारी – सगळं कागदावर आणि फाशांवर. बाकीचे आपापलं पात्र खेळतात, जग मी चालवते. आणि गेले चौदा महिने माझी ही दोन भावंडं एकमेकांशी एक शब्द बोललेली नाहीत. खेळात मात्र बोलतात! 'लोहारा, दोर टाक लवकर!' असं ती त्याच्या पात्रावर ओरडते, आणि जेवताना मीठ हवं असलं की त्याला न मागता उठून टेबलाला वळसा घालते.

तेवीस तारखेला धाकटी परत बोटीवर जाते. समुद्राची खोली मोजायला, सहा महिने. त्याआधी या दोघांना बोलतं करणार. मी म्हणजे मी!

मंगळवार, ५ मे

आज फक्त तीनच दातांच्या कवळ्या बनवायच्या होत्या, दुपारी हात मोकळे. उरलेल्या गुलाबी मेणातून प्राणी घडवले. ऑक्टोपस झकास जमला. तरस जरा हिरडीसारखं दिसतंय, पण एक कान बरोबर.

नियमही तयार! प्राण्याला हात किती का असेनात, एका फेरीत काम एकच. (मास्तर रुसणार. रुसू देत.) पोळं, थवा, वारूळ – सगळं मिळून एकच प्राणी. आणि तिसरा नियम म्हणजे माझ्या डोक्यातून निघालेलं सोनं आहे: मालकाने फक्त हुकूम द्यायचा. प्राणी ऐकतो की नाही, नेमकं काय करतो, हे मालकाच्या डाव्या हाताला बसलेल्याने ठरवायचं. नाहीतर प्राणी म्हणजे मालकाचा तिसरा हात होऊन बसतो. पाळलेल्या जिवाला स्वतःची मर्जी असतेच ना?

गुरुवार, ७ मे

धाकटीच्या डाव्या हाताला कोण बसणार, हे कोण ठरवणार? मी!

रविवार, १० मे

जमलं! मास्तरांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांना खिडकीचा उजेड सोसत नाही, या सबबीवर सगळ्या खुर्च्या हलवल्या. मास्तर म्हणाले, "अहो, मला काही त्रास होत नाही." त्यांच्या पायावर पाय दिला. मग त्रास व्हायला लागला.

धाकटी, आणि तिच्या डावीकडे दादा. दोघांचीही तोंडं बघण्यासारखी झाली होती. पण नियम तो नियम. पहिल्या फेरीत धाकटी म्हणाली, "तरसा, नदी ओलांड." दादाने मेणाचं तरस काठापर्यंत नेलं, थांबवलं. "पाय ओले करणार नाही. वास घेतो, मागे फिरतो आणि तिच्या पायांवर येऊन झोपतो."

"तरस असं करत नाही," वहिनी म्हणाली. शाळेच्या ग्रंथालयात असते, तिला सगळं ठाऊक.

"हे करतं," दादा म्हणाला.

धाकटी हसली. खुदकन! त्याच्याकडे न बघता हसली, पण हसली. ते तरस कोणासारखं वागतंय हे टेबलावर मास्तर सोडून सगळ्यांना कळलं होतं.

मंगळवार, १२ मे

चौथ्या नियमावर अडले. प्राणी मेला तर? वहिनीचं म्हणणं, जादूने परत आणावा. मी लिहिलं – मेला की मेला. आणि जबर जखमी असेल तर तसाच पुढे न्यायचा की हालांतून कायमचा सोडवायचा, हेही डावीकडच्यानेच ठरवायचं. लिहिताना हात थांबला.

इथे लिहायला काय हरकत आहे? ही वही कोण वाचतंय?

धाकटीचा कुत्रा – पाय ओले न करणारा, तोच – ती बोटीवर गेली की माझ्याजवळ असायचा. तशी ती स्वतःही सुट्टीत माझ्याकडेच असते. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्याची मूत्रपिंडं गेली. वय चौदा. ती परतायला अकरा दिवस होते. डॉक्टर म्हणाले, तेवढे काढेल, पण हाल होतील. इंजेक्शन देऊन सोडवायचं, मी ठरवलं. तिला फोन केला नाही. लागला नसता असं नाही – केलाच नाही. ती नाही म्हणाली असती तर? दादा फक्त त्याला धरायला आला होता. तोही त्या कुत्र्याचा लाडका.

ती आली तेव्हा मी काही बोलायच्या आत दादाच म्हणाला, 'मी ठरवलं, मीच नेलं.' मग मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, 'तुम्हा दोघींना एका घरात राहायचंय. राग माझ्यावर असू दे.' आणि मी मूग गिळून गप्प बसले.

निर्णय बरोबर होता. आजही तोच घेईन. न सांगणं तेवढं... असो. नियम चांगला आहे, ठेवते.

शुक्रवार, १५ मे

मास्तरांचा फोन. ऑक्टोपसला निदान दोन कामं तरी द्या! नाही दिली.

रविवार, १७ मे

पूल मी मुद्दाम पाडला नाही. फासाच तसा पडला. सगळ्यांच्या देखत, वीस बाजूंच्या फाशावर एक. तरस खाली दगडांत, कंबर मोडलेलं. गाव तीन दिवसांवर.

मी चौथा नियम वाचून दाखवला. दादाने मेणाचं तरस उचलून तळहातावर घेतलं.

"मी ठरवणार नाही," तो म्हणाला.

"नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात. ती इथे बसलीय ना, माझ्या शेजारी?" आणि तो तिच्याकडे वळला. लोहाराच्या आवाजात नाही, स्वतःच्या. "तू सांग. काय करू?"

धाकटीचे डोळे भरले. "तेव्हा का नाही विचारलंस?"

चौदा महिन्यांतलं तिचं पहिलं वाक्य! वहिनीने माझा हात दाबला. दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चुकलं," म्हणाला. "विचारायला हवं होतं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. शब्द अगदी जिभेवर होते. मी फासे गोळा करून डबीत भरत बसले.

मग धाकटी म्हणाली, "सोडव त्याला. पण मी जवळ बसते." दादाने ते मेण तिच्या हातात दिलं आणि तिचा हात सोडला नाही. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, आणि वहिनी चहा ठेवायला उठली.

खरं सांगायचं तर छाती फुगलीय माझी! समजावणं नाही, मध्यस्थी नाही, चार नियमांत काम फत्ते. आता जुनं उकरून काढण्यात अर्थ नाही. तिला उगाच त्रास. प्रकरण मिटलं.

बुधवार, २० मे

दादा आणि धाकटी बोटीवरचे रबरी बूट आणायला गेले. एकत्र! येताना दोघं भांडत आली – मापावरून. कानांना काय गोड वाटलं.

शनिवार, २३ मे

धाकटी सकाळी गेली. जाताना गळ्यात पडली. आत्ता खेळाचे कागद आवरताना माझ्या नियमांच्या खाली तिचं अक्षर दिसलं, पेन्सिलीतलं:

'नियम पाचवा. प्राण्याचं ज्याने ठरवलं, त्यानेच मालकाला सांगायचं. दवाखान्याच्या कागदावर सही तुझी आहे, ताई. आले त्याच आठवड्यात जाऊन पाहिली. दादाशी बोलत नव्हते, कारण तो माझ्याशी खोटं बोलला. तुझ्याशी बोलत राहिले, कारण वाटायचं, आज सांगशील.'

बोट चारला सुटते. आता अडीच. दादाला फोन केला, गाडी काढ म्हटलं. कशाला, ते त्याने विचारलं नाही. काय बोलायचं ते काही ठरवलेलं नाही. निघाले.