मी गप्प झाले तो प्रवेश

बाई, उत्तनच्या प्रयोगाबद्दल तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं. ज्या दोन माणसांशी ते बोलता आलं असतं, तीही आता नाहीत, म्हणून आज लिहायला बसलेय. तो प्रयोग तुम्ही पाहिला नाहीत असं आपल्या ग्रुपमधले सगळे म्हणतात. बरोबरच आहे, त्याच्या महिनाभर आधी तुम्ही गेला होतात. मी स्वतः तुमच्या थंड पायांवर डोकं ठेवून आले होते. त्यामुळे असं म्हणणाऱ्यांना मी कधी अडवलं नाही.

तेव्हा मोबाइल नुकतेच सगळ्यांच्या हातात यायला लागले होते. आम्ही परळची खोली विकून मीरा रोडला आलो होतो आणि मी एका दातांच्या दवाखान्यात बाहेर टेबलावर बसायचे. इमारतीत शेजारी कोण राहतं ते माहीत नव्हतं, दुकानदाराशीसुद्धा हिंदीतच बोलायचं. तुमच्या नाट्यवर्गाचा कागद रिक्षा स्टँडजवळच्या भिंतीवर पाहिला तो अशाच दिवसांत. भाईंदर पूर्वेला, पालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये, दर रविवारी सकाळी, कुणीही यावं. मला वाटलं होतं पोरंटोरं असतील. पण तिथे भाजीवाली होती, रिटायर झालेले लोक होते, मीरा रोडला ब्यूटी पार्लर चालवणारी एक उंच बाई होती, आणि पहिल्या रांगेत पांढरी काठी मांडीवर आडवी धरून बसलेले एक गृहस्थ होते. आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटरचं काम केलेलं, दृष्टी जन्मापासूनच नाही. नाटकाच्या वर्गाला ते काय करणार, असा प्रश्न माझ्या तोंडावर दिसला असावा. तुम्ही लगेच म्हणालात, ते प्रेक्षक आहेत, प्रेक्षकालाही तालीम लागते.

मला अभिनय येत नाही हे तुम्ही तिसऱ्या रविवारी सगळ्यांसमोर सांगितलंत. मी रडवेली झाले होते. मग वर्ग सुटल्यावर मला थांबवून म्हणालात, "तुला करता येत नाही, पण बघता येतं. तू माझ्याजवळ बसत जा." आपल्या प्रयोगांत तुम्ही अंध प्रेक्षकांच्या मागे बसून स्टेजवर काय चाललंय ते हलक्या आवाजात सांगत असायचा, दोन संवादांच्या मधल्या फटीत. ते काम मी शिकावं असं तुमच्या मनात होतं. शिकवणी व्हायची ती भाईंदरच्याच इंद्रलोक वसाहतीतल्या तुमच्या स्वयंपाकघरात. तुम्ही चहाचा कप घेऊन स्टुलावर डोळे मिटून बसता, मी खिडकीपाशी उभी राहते, आणि बाहेर काय दिसतंय ते सांगते. पहिल्या दिवशी मी म्हणाले, मिठागरं उदास दिसतायत. तुम्ही डोळे न उघडता कप खाली ठेवलात. "उदास कसं दिसतं गं? पाणी आहे का? कुठवर आहे? बांधावरून कोण चाललंय? तुला काय वाटतं ते तुझ्यापाशी ठेव. जे आहे ते सांग, आणि जे नाही ते कधीही सांगू नकोस." हा ओरडा मी जन्मभर विसरले नाही. निघताना तुम्ही मला जुन्या सुती साडीच्या कापडात बांधलेली खडीसाखर दिलीत, घशासाठी. प्लास्टिकची पुडी नको, म्हणालात, तिचा आवाज आपल्याला येत नाही, त्यांना येतो.

त्या वर्षीचं नाटक आपण उत्तनच्या कोळीवाड्यातल्या बायकांकडून ऐकलेल्या गोष्टींवर बसवलं. किती रविवार आपण तिथे गेलो असू. बोंबील वाळत घातलेले, त्या वासात सगळे बसलेले, आणि बायका बोटींच्या, वादळांच्या, परत न आलेल्यांच्या गोष्टी सांगतायत. एक म्हातारी मात्र काहीच सांगायची नाही. गळ्यात क्रूस, दोन्ही डोळे पांढरे पडलेले, सुनेचा हात धरून येऊन बसायची, सगळ्यांचं ऐकायची. तुम्ही एकदाच विचारलंत. "माजं सांगाया काय न्हाय," एवढंच म्हणाली. परतताना मी कुरकुरले की हिच्याकडेच खरं काहीतरी असणार. तुम्ही म्हणालात, तिला आधी नाटक ऐकवू, गोष्ट त्यांची आहे, ती त्यांच्या गावात नेऊन द्यायला हवी. मग तिला वाटलं तर सांगेल.

पहिला प्रयोग शाळेच्या हॉलमध्ये झाला, तो तुमचा शेवटचा. मी तुमच्या शेजारी बसून ऐकत होते. त्यानंतर एका दुपारी तुमच्या शेजारणीचा दवाखान्यात फोन आला. ग्रुपमध्ये बरीच चर्चा झाली, उत्तनचा प्रयोग रद्द करू असंही काहीजण म्हणाले. पार्लरवाल्या बाईने विषय संपवला. "बाईंनी प्रॉमिस केलंय त्यांना. आपण नाही गेलो तर कसं दिसेल?"

प्रयोग चर्चच्या आवारातल्या हॉलमध्ये, दुपारी चारला. लख्ख ऊन होतं, खिडक्यांवर चादरी लावून जेमतेम अंधार केला होता. तुमच्या पद्धतीप्रमाणे मी आधी अंध मंडळींना स्टेजवर नेलं, जाळं, वल्हं, दोर, सगळ्याला हात लावू दिला. ऑपरेटरकाका आमच्याबरोबर बसने आले होते. म्हातारीने दोर बराच वेळ हातात धरला. मग डाव्या भिंतीच्या कडेने एक बाक टाकलं होतं, त्यावर ते सगळे बसले. त्यांच्या मागे माझं स्टूल, आणि माझ्या मागे भिंत. हे मुद्दाम सांगतेय. पाठ टेकली की चुन्याचा गारवा ब्लाउजमधून लागत होता.

सुरुवात बरी झाली. शब्द वेळेवर येत होते. शेवटून दुसऱ्या प्रवेशात पार्लरवाल्या बाई किनाऱ्यावर येतात, बोट रिकामी परत आलेली असते. त्या काही बोलत नाहीत, सगळं मुक्यानेच आहे. म्हणजे तिथे सांगणाऱ्यानेच सांगायचं. शाळेतल्या प्रयोगात तुम्ही तो प्रवेश इतका सावकाश सांगितला होता की मीच डोळे मिटून ऐकत राहिले होते. बाई, त्या आल्या, वाकल्या, आणि माझा घसा बंद झाला. तोंड उघडं आणि आवाज नाही. मी डोळे मिटून घेतले. प्रवेश संपेपर्यंत मी एक शब्दही बोलले नाही. पुढचा प्रवेश सुरू झाल्यावर कुठे आवाज फुटला.

पडदा पडल्यावर मी काकांची माफी मागायला गेले. ते हसत होते. म्हणाले, तो मुका प्रवेश फार सुरेख सांगितलात, दोराची गाठ सोडून तिने तोच दोर मनगटाला बांधला, ते तर मागच्या वेळी नव्हतंच. मला कळेना. आपल्या तालमीत दोर मनगटाला बांधणं कधीच नव्हतं. मी आत जाऊन पार्लरवाल्या बाईंना विचारलं. त्या साडीच्या पिना काढत होत्या, मनगटावर दोराचा लाल वळ होता. म्हणाल्या, "पता नहीं, हातातून आपोआप झालं. चुकलं का काही?"

मी बाहेर आले तेव्हा म्हातारी अजून बाकावरच होती. सून चपला आणायला गेली होती. मी जवळ बसले तशी तिने माझा हात चाचपला, आणि मी गप्प का झाले होते ते विचारलं. मी म्हणाले, रडू येत होतं. ती म्हणाली, "बरं झालं. तू गप झालीस तवा दुसरी बोलली. तुज्या मागं व्हती. तुजी मास्तरीण."

मी मागे वळून भिंतीकडे बघितलं. तिथे चुन्याची भिंत आणि खिळ्याला अडकवलेलं जुनं कॅलेंडर एवढंच होतं.

तुम्ही गेल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. ती हळूहळू बोलत होती, सुनेला ऐकू जाऊ नये असं. मास्तरणीने सगळं सांगितलं, बाईचं चालणं, वाकणं, दोर. आणि मग मास्तरीण म्हणाली, उजव्या कोपऱ्यात एक माणूस येऊन उभा राहिलाय, डोक्यापासून पायापर्यंत ओला, अंगात चौकटीचा शर्ट, एकाच पायात चप्पल. तो बाईकडे बघत नाही. तो समोर, लोकांत कुणाला तरी शोधतोय. म्हातारीची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. "तो कोन व्हता गं?"

आपल्या नाटकात पुरुष नव्हता, बाई. एकही नव्हता. मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं, खाली ठेवलेला कप आठवला. जे आहे ते सांग, जे नाही ते सांगू नकोस. कुणी नव्हतं म्हणावं, तर मी बघितलंच कुठे होतं? होता म्हणावं, तरी तेच. शेवटी मी तिला खरं तेवढं सांगितलं, की माझे डोळे मिटलेले होते, मी पाहिलं नाही.

 मग तिने स्वतःच सांगितलं. थोरला मुलगा, लग्न ठरलेला, वारं उठलेलं असताना दुसऱ्याच्या बोटीवर गेला. ती रागावली होती, म्हणून निघताना तिच्याशी बोलला नाही. बाकीचे परत आले, तो आला नाही. त्या वेळी तिला नीट दिसत होतं. चौकटीचा शर्ट तिनेच नाताळला घेतला होता. "तो मला बगत व्हता," ती म्हणाली. "रागात न्हाय ना व्हता? मास्तरीण ते बोलली न्हाय." मी म्हणाले, बाई कधीच सांगत नाहीत कुणाला काय वाटतंय ते. त्यावर ती पहिल्यांदा हसली. सून आली, तिने सासूच्या पायात चपला घातल्या आणि दोघी उन्हात निघून गेल्या.

परतीच्या बसमध्ये काका माझ्या शेजारी बसले होते. मी त्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं. भाईंदरच्या रेल्वे फाटकापाशी बस अडकली तेव्हा त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तो ओला माणूस नवीन घातलात का? मागच्या प्रयोगात नव्हता." मी हो म्हणाले. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

म्हातारी नंतर तीन-चार वर्षं होती. आपले प्रयोग असले की सून तिला घेऊन भाईंदरला यायची, विषय कुठलाही असो. मुलाबद्दल ती पुन्हा बोलली नाही, पण तिची सून मला म्हणाली, आताशा त्या झोपतात, पूर्वी रात्रभर बसून असायच्या. काका त्यानंतर गेले. पार्लरवाल्या बाई वसईला राहायला गेल्या. वर्ग चालू आहे, मी चालवते. अंध मुलं येतात, बहिरी येतात, त्यांच्यासाठी खुणांनी सांगणारी एक मुलगी मिळालीय, तुम्हाला आवडली असती. शिकवताना मी तेच सांगते जे तुम्ही मला सांगितलंत. त्यातला दुसरा भाग, जे नाही ते सांगू नका, हा सांगताना मात्र जीभ अडखळते.

त्या दिवसानंतर मी प्रयोगात कधी डोळे मिटले नाहीत. उजव्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवून असते. तिथे कधी कुणी दिसलेलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाही हे उघडच आहे. पण एक कबूल करते. कुठलंही लिखाण मी आधी मोठ्याने वाचून बघते, सवयच आहे. हे मात्र संपूर्ण मनातल्या मनात वाचलं, ओठसुद्धा न हलवता. मध्येच माझा आवाज थांबला, तर पुढचं कोण वाचेल, याची मला भीती वाटली.