साहेबाची चादर

सोमवार, संध्याकाळ

सुदानमधून, खार्टूमहून भावजयीचा, सीमाचा फोन आला. रस्त्यावर गोळीबार चालूच आहे, महेश, ती आणि दोघी पोरी, चौघंही मोरीत बसून आहेत, गॅस संपलाय.

"ताई, आज पोरींना अर्धी अर्धी कडक भाकरी दिली."

आणि महेशचा साहेब? तो मेला तर लढाईच्या पहिल्याच दिवशी बायकापोरं घेऊन देशाबाहेर पळाला. महेशला साधा फोन केला नाही! सुट्टी संपवून हितनं निघताना बॅग जड झाली, तर माझ्या शहाण्या भावानं कडक भाकरीच्या पाकिटांतली दोन बाहेर काढली आणि ह्याच साहेबासाठी चादर कोंबली. "तिथं कोण खातंय भाकरी?" म्हणे. मी तरी कुठं अडवलं? चादरीची घडी मीच घालून दिली.

आत्ता डबा उघडून बघितला. कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते म्हणतात. टिकलीय की. दोन्ही पाकिटं. हितं, माझ्या डब्यात.