बारवेतली मरळ

लिंबागणेश, सोमवार, मे १९९५

भावाकडून आलं: मरळीची पिल्लं, घागरभर. एस.टी.सकट पन्नास रुपये.

परवा देवळाच्या बारवेत सोडली. दर उन्हाळ्यात पाणी आटतं, मासे गुदमरून मरतात, म्हणून मीच मागवली. भाऊ सुभाष कॉलेजात माशांचंच शिकवतो. म्हणाला, "आक्का, मरळ वर येऊन हवा घेते. पिढ्यान्‌पिढ्या चिखलात काढल्यात, ते बीजातच उतरलंय."

आज सगळी उलटी तरंगत होती. शेजारची हमीदाबी म्हणाली, "अगं, ही मरळ न्हाई, भरल्या पाण्यातला कटला हाय! सोडायच्या आधी मला दाखवायची न्हाईस व्हय?"

आमच्या घरात मासा शिजत नाही, मला काय ओळखू येणार? पण सुभाषला? मरळ म्हणूनच पैसे घेतले ना त्यानं? देवाच्या पाण्यात माझ्या हातानं जीव गेले.

उद्या कार्ड टाकते: सुभाष, ठाऊक असून दिलीस का? उलट टपाली एवढंच कळव.