रोमनची हाक

पाइन रॅपिड्स, विस्कॉन्सिन
९ सप्टेंबर १९७३

ती. बर्नडीनताईस,
लेनर्डचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वॉल्टरभावजींनी पाठवलेले धुरी दिलेले मासे, दोन्ही पोहोचले. मासे आयरीनने झाकून ठेवले होते, पण आपल्या धाकट्या भावाचं नाक तुला माहीत आहे. रोमन आमच्या गॅरेजवरच्या त्याच्या खोलीतून वास काढत खाली आला आणि निम्मे घेऊन वर गेला.

काल हरलो. हरण्याचं मला काही वाटत नाही, गिरणीचा फुटबॉल संघ दरवर्षी दोन-चार सामने हरतोच. पण काल हरलो ते रोमनच्या हातामुळे. चौदा हंगाम तो आपला क्वार्टरबॅक आहे. संघाची प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते, आणि आता तो हातच दमलाय. चेंडू अर्ध्या वाटेत मान टाकतो आणि समोरच्यांच्या झोळीत पडतो. काल तीनदा पडला. प्रेक्षकांत कुणी ओरडलं नाही, हेच मला लागलं. पूर्वी त्याला हक्काने शिव्या घालायचे.

दुसरा माणूस आहे. कर्टिस हाउगेन, शाळेत गणित शिकवायला या वर्षी आला. हात चांगला, डोकं थंड. फक्त रोमनला ‘सर’ म्हणतो, आणि रोमनच्या अंगाचा तिळपापड होतो. आता गावात प्रत्येकाला मत आहे. न्हावी म्हणतो, रोमनला सरळ बसवा. फादर म्हणतात, अर्धा सामना हा, अर्धा तो. मी म्हणतो, हंगामभर गप्प बसावं आणि पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघावं. आयरीन म्हणते याला मत म्हणत नाहीत, याला पळपुटेपणा म्हणतात.

पण ताई, त्याला बायको नाही, पोर नाही. आठवडाभर कागदाचे रोल उचलतो आणि शनिवारची वाट बघतो. तो शनिवार मी काढून घेतला तर त्याच्याकडे राहिलं काय? मला झोप नाही, जेवण नाही, नुसता अंगणात येरझारा घालतो. तूच त्याला लिही ना. तुझं तो ऐकतो. माझं ऐकल्याचं सोंग करतो.

वॉल्टरभावजींना नमस्कार. लोभ आहेच, या मागणीनंतरही असू द्यावा.

तुझा,
लेनर्ड

*

डुलुथ
१३ सप्टेंबर

चि. लेनर्ड यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि एक कानपिचकी.

टपालाने भाऊ काढून टाकायची सोय डुलुथमध्ये अजून निघालेली नाही. निघाली तरी मी वापरणार नाही. प्रशिक्षक तू आहेस. शिट्टी गळ्यात घालायला तुला आवडतं, तर ती वाजवायचीही वेळ येणारच.

सांगायचं ते तू सांग, तोंडावर सांग, आणि तो एकटा असताना सांग. बारमध्ये नको, जेवताना आयरीनच्या आडून नको. आणि फादरांचा तो अर्धा-अर्धा बेत मुळीच नको. आमच्या रुग्णालयात मुख्य परिचारिका थकल्या, तर वरिष्ठांनी मन राखायला वॉर्डाचे दोन भाग केले, एक जुन्या बाईंना, एक नवीला. दोघी दिवसभर एकमेकींच्या चुका शोधत राहिल्या आणि रोगी घंटा वाजवत राहिले. शेवटी जुन्या बाई रडत घरी गेल्या, त्या काढल्या म्हणून नाही, अर्ध्याच काढल्या म्हणून.

रोमन रागावेल, आदळआपट करेल, चार दिवस तुझ्याकडे जेवणार नाही. मग भूक लागेल. त्याला काहीतरी काम दे, खरंखुरं काम, उगाच हार-तुरे नकोत. आणि येरझारा थांबव, आयरीनचं गवत मरेल.

इकडे थंडी सुरू झाली, वॉल्टरची कंबर धरली आहे. तुझ्या धीराची वाट पाहणारी,

ताई

*

पाइन रॅपिड्स
१८ सप्टेंबर

ती. ताईस,
रोमनचा नमस्कार.

तुझ्या त्या लेनर्डने काय केलं ते ऐक. काल दुपारी गिरणीच्या कँटीनमध्ये सूप घ्यायला उभा राहिलो, तर सगळे माझ्याकडे बघून ताटात बघायला लागले. भिंतीवरच्या फळ्यावर, हरवलेल्या हातमोज्याच्या सूचनेखाली, प्रशिक्षकसाहेबांनी खडूने लिहिलं होतं: पूर्वार्ध रोमन, उत्तरार्ध हाउगेन. मी त्याच्या गॅरेजवर राहतो, ताई. जिना चढून यायला त्याला किती वेळ लागला असता? सकाळी त्याच्याच टेबलावर बसून मी अंडी खाल्ली, तेव्हा तो हवामानाबद्दल बोलत होता!

चौदा वर्षं! नाक मोडलं तेव्हा कापूस कोंबून खेळलो. आणि तो मास्तर मला ‘सर’ म्हणतो, म्हातारा घोडा चुचकारावा तसा. त्याचा हात चांगला आहे, ठीक आहे, असेल. पण संघ हाताने चालत नाही, हाकेने चालतो. मी ‘से-ऽऽऽट’ म्हणून ताणतो, आणि ‘हट’ म्हटलं की पुढच्या ओळीतले पाचही जण एकदम सुटतात. एल्मर नोव्होत्नी इतकी वर्षं माझ्यापुढे वाकून चेंडू मागे देतोय. त्याची बायको म्हणते, माझी हाक ऐकली तर तो झोपेतही उशी मागे देईल. ही गोष्ट फळ्यावर लिहून होते का?

खांद्याचं विचारशील. बरा आहे. कॉफीचा डबा हल्ली खालच्या फळीवर ठेवतो, पण त्याचा चेंडूशी काही संबंध नाही.

मी आता त्यांच्याकडे जेवत नाही. आयरीनवहिनी जिन्यावर ताट ठेवून जाते. ताट तिचं म्हणून खातो.

तुझा लोभ तेवढा अर्धा करू नकोस.

रोमन

*

पाइन रॅपिड्स
२४ सप्टेंबर

ती. ताईस,
लेनर्डचा सा. न. वि. वि.

तू म्हणालीस अर्धं करू नकोस, मी केलं. तोंडावर सांग म्हणालीस, मी फळ्याला सांगितलं. दोनदा जिन्यापर्यंत गेलो होतो, खालच्या पायरीवरून परत आलो. आता शिव्या घालायच्या तर घाल, पण आधी शनिवारी काय झालं ते वाच.

पूर्वार्धात रोमन खेळला. राग डोक्यात, त्यात तो खांदा. दोन चेंडू दुसऱ्यांच्या हातात दिले. उत्तरार्धात मी कर्टिसला उतरवलं. रोमन कडेला उभा राहिला, हाताची घडी घालून. मला वाटलं, चला, निभावलं. कर्टिसने पहिली हाक द्यायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कडेवरून रोमनचा आवाज आला. तोच, ‘से-ऽऽऽट, हट’! कर्टिस तयार व्हायच्या आत सगळी ओळ उठली, एल्मरने चेंडू मागे सोडला, तो कर्टिसच्या गुडघ्याला लागून घरंगळत गेला. पंचांचा रुमाल पडला. वेळेआधी हललं की पाच यार्ड मागे, हे तुला सांगायला नको.

एकदा झालं, मी हसलो. जुनी खोड. मग पुन्हा झालं, आणि पुन्हा. रोमन ओरडायचा, ओळ उठायची, रुमाल पडायचा. एल्मर माझ्याकडे बघून रडकुंडीला आला, पोरं शिकारी कुत्र्यांसारखी त्या आवाजाला बांधलेली आहेत. आम्ही मागे मागे सरकत आपल्याच गोलच्या खांबांपाशी आलो. शेवटी सगळ्या गावासमोर मी भावाला हात करून सांगितलं की कुंपणाबाहेर जा. तो गेला. गाडीसुद्धा घेतली नाही, चालत गेला.

तेव्हापासून वर दिवा दिसतो, माणूस दिसत नाही. गंमत अशी की त्याच्याशिवाय आता कर्टिसला उभंही करता येत नाही, कारण ओळ कर्टिसची हाक ऐकतच नाही, रोमनची यायची वाट बघते. मुद्दाम केलं का त्याने, ताई? मी त्याचा भाऊ आहे, मला हे विचारायची लाज वाटते. तू विचार.

लोभ कमी झाला असेल तर साहजिक आहे. उरलासुरला असू द्यावा.

लेनर्ड

*

डुलुथ
२७ सप्टेंबर

चि. रोमन यास,
आशीर्वाद नेहमीचे.

एका अंगणात राहून तुम्ही दोघं एकमेकांच्या खबरी माझ्याकडून मागवता. तिकिटांच्या पैशांत मला नवा कोट आला असता. लेनर्डने फळ्यावर लिहिलं ते वाईट केलं. मी त्याला तसं लिहिणार आहे, आणि सौम्य शब्दांत लिहिणार नाही.

पण तुला एकच विचारते. शनिवारी तू ओरडलास ते सवयीने, की मुद्दाम? लहानपणी गोठ्याचं फाटक उघडं टाकून तू माझ्याकडे जसा बघायचास, तसा आता बघू नकोस. मी समोर नाही, त्यामुळे खोटं बोलणं सोपं आहे, तरी खरं लिही. जे लिहिशील ते माझ्याजवळ राहील.

काहीही लिहिलंस तरी तुझी,

ताई

*

पाइन रॅपिड्स
१ ऑक्टोबर

ती. ताईस,
रोमनचा नमस्कार.

पहिल्यांदा आपोआप आलं. शपथेवर सांगतो, तोंडातून निघालं तेव्हा मलाच कळलं नाही.

पण ओळ उठली ना, ताई! मी कडेला, हात रिकामे, आणि माझ्या नुसत्या आवाजाने पाच दांडगे गडी उठले. मला काय वाटलं ते कसं लिहू. वाटलं, बघ लेनर्ड, काढ मला आता. त्यापुढच्या सगळ्या हाका मी मुद्दाम दिल्या. एल्मर माझ्याकडे केविलवाणा बघत होता, तरी दिल्या. आपल्याच माणसांना मागे ढकलत होतो आणि मला बरं वाटत होतं. कुंपणाबाहेर गेल्यावर ते बरं वाटणं उतरलं. रस्त्यात दोनदा थांबलो, परत जावंसं वाटलं, पाय वळले नाहीत.

आणखी एक. परवा आयर्न बेंडहून लाकूड घेऊन आलेला ड्रायव्हर हसत सांगत होता की तिथली पोरं माझी हाक शिकताहेत. आपला पुढचा सामना तेरा तारखेला त्यांच्याच मैदानावर आहे. प्रेक्षकांतून दहा जण ‘से-ऽऽऽट, हट’ ओरडणार आणि आपली ओळ नाचवणार. आधी मला गुदगुल्या झाल्या, माझी हाक आयर्न बेंडपर्यंत गेली म्हणून. मग एल्मरचा चेहरा आठवला. त्या मैदानावर त्याचं हसं होणार, आणि ते मीच घडवलंय.

एका जागी बसवत नाही. खोली चार पावलांची, तीच मोजतो. हे लेनर्डला कळवू नकोस. माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही ते वाचून ठरव.

रोमन

*

डुलुथ
४ ऑक्टोबर

चि. रोमन यास,
आशीर्वाद.

खरं लिहिलंस, म्हणून आशीर्वाद जरा जास्तच. मी कळवणार नाही. तू कळवशील. जिना उतरायला पत्र लागत नाही.

आणि त्या ओळीला तुझी खोड तूच लावलीस, तर ती काढणाराही दुसरा कोण आहे? लेनर्डने काढून चालणार नाही, मास्तरने तर नाहीच. कसं काढायचं ते तुला कळेल, मला फक्त बँडेज काढता येतं.

वाट पाहते.

ताई

*

पाइन रॅपिड्स
१२ ऑक्टोबर

ती. ताईस,
रोमनचा शि. सा. न. वि. वि. आज पूर्ण लिहितो, कारण आज बोलता येत नाही, घसा बसलाय.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी खाली गेलो. लेनर्ड स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता, म्हणजे बटाट्यांचा चुरा करत होता. मी सांगितलं की पहिली सोडून सगळ्या मुद्दाम दिल्या, आणि आयर्न बेंडची पोरं काय शिकताहेत तेही सांगितलं. तो म्हणाला, तिसऱ्या वेळीच त्याला कळलं होतं, पण स्वतःच्या तोंडाने म्हणवेना. मग तो फळ्याबद्दल बोलायला लागला आणि सोललेलाच बटाटा पुन्हा सोलायला लागला. आयरीनवहिनीने दोघांच्या पुढ्यात ताटं आदळली आणि म्हणाली, आधी गिळा.

दुसऱ्या दिवसापासून सरावाला गेलो. लेनर्डने मला ओळीच्या बाजूला उभं केलं. कर्टिस मागे उभा, हाक त्याची. त्याच्या आधी, मध्ये, वर, मी माझी हाक द्यायची, जीव तोडून, आणि जो माझ्या हाकेला हलेल त्याने मैदानाला फेरी मारायची. पहिल्या दिवशी सगळेच पळत होते. एल्मर तर पळता पळता मला अशा शिव्या देत होता की फादर ऐकते तर प्रायश्चित्त मला सांगते. हळूहळू पळणारे कमी झाले. कालपर्यंत एकटा एल्मर राहिला. सराव संपल्यावर तो माझ्याजवळ येऊन म्हणाला की त्याला हे जमणार नाही, चौदा वर्षं कान तसे झालेत. मी त्याला सांगितलं की जमव, माझ्यासाठी जमव.

कर्टिस आता मला ‘सर’ म्हणत नाही. मीच त्याला सांगितलं की आवाज चढवू नकोस, तुझा आवाज हळू आहे तर हळूच ठेव, कान त्यांनी द्यायचा. गणिताचा मास्तर आहे, एकदा सांगितलं की पुरतं.

आज शेवटचा सराव. लेनर्डने मान हलवली आणि मी हाक दिली. ताई, इतक्या मोठ्याने मी उभ्या आयुष्यात ओरडलो नसेन. गिरणीच्या आवारातली कुत्री भुंकायला लागली. ओळीतलं कुणी हललं नाही. एल्मरच्या मानेची शीर उडताना दिसत होती, पण चेंडूवरचा हात तसाच. मी पुन्हा ओरडलो, पुन्हा. मग कर्टिसने हळूच हाक दिली आणि सगळे एकदम सुटले.

मी तिथेच उभा राहिलो. फार बरं वाटलं आणि फार वाईट वाटलं, आणि दोन्हींचं काय करायचं ते कळेना, म्हणून पाणी प्यायलो.

उद्या आयर्न बेंडला जायचं. बसमध्ये लेनर्डशेजारी माझी जागा आहे. मी त्याला म्हटलं की सामनाभर तोंड मिटून बसेन. तो म्हणाला, ओरडलास तरी आता काही बिघडणार नाही. चांगल्या मनानेच म्हणाला तो.

वॉल्टरभावजींच्या कंबरेला आराम पडो. तुझा लोभ असू दे.

रोमन