दोन रेषांमधला कडा

ती. भावोजींना नमस्कार. गुडघा काय म्हणतो? (जन्मभर डोंगर मोजलेत, आता तेही हिशेब मागत असतील.) ताईला नमस्कार.

परवा सकाळी देवाला हात जोडले, तुमचा जुना नकाशा ओट्यावर पसरला आणि मधल्या डोंगरावरून पायी तुमच्याकडे निघालो. 'तुला स्वतःचं न्हाणीघर सापडलं तरी पुष्कळ,' असं तुम्ही भर पंगतीत म्हणालात आणि मी शपथ घेतली, की आता येईन तर नकाशा वाचत जंगलातूनच, नाहीतर नाही. त्याला दोन वर्षं झाली. ताई फोनवर 'बरी आहे, ये सवडीने' म्हणते आणि मी कधी पावसावर ढकलतो, कधी बुटांवर.

हीसुद्धा बरोबर आली. (काळजीने नव्हे, गंमत बघायला.) नकाशातल्या उंचीच्या रेषा दाटल्या की चढ, विरळ झाल्या की सपाटी, हे तुम्ही शिकवलेलं मला पाठ. ओढा नकाशात होता तिथेच निघाला, तेव्हा तर मला शिंगंच फुटली. खिंडीअलीकडे दोन रेषांमध्ये ऐसपैस मोकळी जागा दिसली. हिला म्हणालो, "आता सपाटी. डबा उघडू." झाडी संपली आणि पुढे जमीनच नाही! पायाखाली झाडांचे शेंडे. मी देवाचं नाव घेतलं, हिने माझं (एरवी घेत नाही).

"नकाशात आपण कुठे आहोत?"

"सपाटीवर."

"मग तुम्ही नकाशातूनच उतरा. मी मागे फिरते."

घरी येऊन कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली: दोन रेषांमध्ये वीस मीटर उंचीचा फरक. म्हणजे अठरा मीटरचा कडा त्यांच्यामध्ये सुखाने बसतो आणि नकाशा खोटाही ठरत नाही. भावोजी, हे तुम्हाला ठाऊक होतं! डोंगर देवाने केले, रेषा माणसाने ओढल्या. मी रेषांवर विसंबलो. ही म्हणते, "ताईंच्या 'बरी आहे' आणि 'ये सवडीने'च्या मध्येही तुम्हाला सपाटीच दिसते." बायकांना नकाशातलं काय कळतं! शब्द तो शब्द. पुढच्या महिन्यात पुन्हा निघतो.

आपला (पायीच येणारा) मेहुणा

ता. क. कडा मी मोजला नाही. हिच्या मते दुमजली घराएवढा, माझ्या मते देवळाच्या कळसाएवढा.

आणखी एक ता. क. हे पत्र टपालात टाकायला निघालो, तर कोपऱ्यावर तुमच्याकडची बस उभी होती. हिने पिशवी आत ठेवली. आम्ही तुमच्या चढाखालच्या थांब्यावर आहोत. पत्र दूधवाल्याबरोबर वर पाठवतोय. हसायचं ते आत्ताच दारात उभं राहून हसून घ्या, ताईसमोर नको. तिला एवढंच सांगा, की मी आलोय.